तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा बालसंस्कार वर्ग: आखणीपासून प्रसादापर्यंत

देवळाच्या सभामंडपात किंवा सोसायटीच्या सभागृहात आठवड्यातून एकदा भरणारे बालसंस्कार वर्ग आता गावोगावी दिसतात. त्यांतले बहुतेक आठ-दहा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली धाकटी भावंडे मागच्या सतरंजीवर लोळत, चुळबुळत, वारंवार दटावणी ऐकत तासभर काढतात. मोठ्या मुलांचाच अभ्यासक्रम थोडा कमी करून धाकट्यांना देण्याचा प्रयत्न बऱ्याच ठिकाणी होतो, पण तो साधत नाही, कारण तीन वर्षांचे मूल आठ वर्षांच्या मुलापेक्षा कमी शिकते असे नसून ते वेगळ्या वाटेने शिकते. या वयात धर्म आधी हातांतून, मग कानांतून आणि सर्वांत शेवटी जिभेतून आत जातो. बहुतेक वर्ग हा क्रम उलटा धरतात आणि पहिल्याच दिवशी पाठांतराला सुरुवात करतात. पुढील सर्व मांडणी हा क्रम सरळ करण्यासाठी आहे.

गट, जागा आणि वेळ

एका गटात बारापेक्षा अधिक मुले घेऊ नयेत आणि त्यांच्यासाठी तीन मोठी माणसे असावीत. एक ताई किंवा दादा वर्ग घेईल, दुसरे माणूस मुलांमध्ये बसून अडलेल्याला मदत करील आणि तिसरे दाराशी राहील. दाराशी राहणारे माणूस अनावश्यक वाटते, पण आईसाठी रडणारे, शौचाला जायचे असलेले किंवा अचानक पळत सुटलेले मूल त्याच्याकडे असते म्हणून तर वर्ग न थांबता चालू राहतो. कोणतेही मोठे माणूस बंद दाराआड एका मुलाबरोबर एकटे राहणार नाही, हा नियम पहिल्या पालकसभेतच सर्वांना सांगावा. ओळखीची माणसे आहेत, देवळातले काम आहे, म्हणून तो सैल करू नये.

जागेबद्दल एक कायदेशीर बाब लक्षात घ्यावी लागते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय त्यात बसवता येत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेच्या तासात हा वर्ग बसवण्याचा विचार करू नये. देऊळ, समाजमंदिर, सोसायटीचे सभागृह किंवा एखाद्या घराची ऐसपैस ओसरी हीच त्याची जागा आहे.

वेळ पंचेचाळीस मिनिटे पुरते. दुपारची झोप झालेली आहे आणि संध्याकाळची भूक अजून लागलेली नाही, अशी पाच ते पावणेसहाची वेळ मला सर्वांत योग्य वाटते. त्यातली पहिली दहा मिनिटे येण्यासाठी आणि मांडामांडीसाठी, बारा मिनिटे हातांच्या कामासाठी, सात मिनिटे गोष्टीसाठी, आठ मिनिटे गाणे, श्लोक आणि अंग हलवण्यासाठी आणि शेवटची आठ आरती व प्रसादासाठी ठेवावीत. निव्वळ ऐकत बसण्याचा कोणताही भाग सात-आठ मिनिटांपलीकडे नेऊ नये. क्रम दर आठवड्याला तोच ठेवावा. पुढे काय होणार हे ठाऊक असलेले मूल निर्धास्त असते, आणि निर्धास्त मूल बसते.

देव्हारा मुलांच्या उंचीचा हवा. मोठ्या गाभाऱ्यासमोर उभे राहिलेल्या तीन वर्षांच्या मुलाला पुढच्या माणसांचे गुडघे आणि वर कुठेतरी लखलखणारे काहीतरी एवढेच दिसते. सभामंडपाच्या एका कोपऱ्यात बुटका चौरंग ठेवावा, त्यावर हाताळता येईल अशी लाकडी किंवा पितळी मूर्ती ठेवावी आणि ती मुलांनी उचलली, पुसली, तिला फूल वाहिले तरी चालेल हे आधीच ठरवावे. जिला हात लावायचा नाही अशी मूर्ती या वर्गात ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येकाला लहानसे आसन द्यावे आणि त्यावर नावाऐवजी कमळ, मोर, मासा असे चिन्ह काढावे, कारण अक्षरे अजून वाचता येत नाहीत पण आपला मोर ओळखता येतो.

हातांना काम

वर्गाची सुरुवात चपलांपासून करावी. आपली आणि शेजाऱ्याची चप्पल जोडीने भिंतीशी लावणे हे अडीच वर्षांच्या मुलालाही जमते, आणि देवापाशी येण्याआधी करायचे ते पहिले काम आहे असे त्याला सांगितले की ते पुढे घरीही तसे करू लागते. त्यानंतर एकाने घंटा वाजवायची, एकाने सतरंजीची टोके सरळ करायची, एकाने तांब्यात पाणी आणायचे. ही कामे आठवड्यागणिक फिरती ठेवावीत आणि पाळी कोणाची हे चित्रांच्या तक्त्यावर लावावे, म्हणजे वाद होत नाहीत.

या पाळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट मी ठामपणे सांगते: घंटा, पळी आणि मूर्ती कोणाच्या हाती द्यायची यात मुलगा-मुलगी, जात, देणगीदाराचे मूल असा एकही भेद असता कामा नये. चोखोबांना आयुष्यभर राउळाबाहेर उभे राहावे लागले, आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. लहान मुलाला हा इतिहास सांगण्याची गरज नाही. आपली पाळी आली की देवाला आपण स्नान घालतो आणि शेजारच्याची आली की तो घालतो, एवढे त्याने पाहिले पाहिजे.

हातांचे मुख्य काम पूजेच्या साहित्यातूनच निवडावे. पळी-पंचपात्र हे त्यासाठी उत्तम साधन आहे. मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि त्यांनी येथे शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. त्यांच्या पद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न सांडता पाणी ओतणे हा लहान मुलांचा महत्त्वाचा व्यवहार आहे. आपल्याकडे तोच व्यवहार तांब्या, पळी आणि ताम्हण यांच्या रूपाने प्रत्येक देवघरात तयार आहे. चार मुलांमागे एक संच मांडावा, ताम्हणाखाली पंचा अंथरावा, आणि पळीभर पाणी उचलून मूर्तीवर सावकाश सोडायचे, मग मूर्ती मऊ फडक्याने पुसायची, एवढेच काम द्यावे. पाणी सांडले तर ओरडू नये. पुसण्याचे फडके जवळ ठेवावे आणि पुसणे हाही कामाचाच भाग मानावा. बोलणे कमी करून आपण एकदा संथपणे करून दाखवावे. मुले आपल्या हातांकडे पाहतात, आणि त्याच वेळी सूचना सुरू राहिल्या तर पाहणे आणि ऐकणे दोन्ही निसटतात.

सहाणेवर चंदन उगाळणे हे चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी विलक्षण काम आहे. खोड दोन्ही हातांत धरायचे, पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि गोल गोल फिरवायचे. हळूहळू गंध दिसू लागते, वास पसरतो, आणि एरवी एका जागी न ठरणारे मूल पाच-सहा मिनिटे तल्लीन होते. अस्सल चंदनाचे खोड महाग पडते, तेव्हा संपूर्ण गटाला एक खोड पुरवावे आणि बाकीच्यांना दुसरे काम द्यावे. कापसाच्या फुलवाती वळणे, झेंडूची फुले देठापासून खुडून परडीत रंगांनुसार लावणे, बोथट दाभणाने जाड दोऱ्यात फुले ओवणे, तांब्याचे ताम्हण चिंच-मिठाने घासून उजळणे ही सारी कामे याच जातीची आहेत. दूर्वांच्या जुड्या करताना मोजणी आपोआप येते. एकवीस ही संख्या फार मोठी वाटणाऱ्या मुलांनी तीन-तीनच्या जुड्या कराव्यात आणि सात मुलांच्या जुड्या एकत्र केल्या की एकवीस होतात हे सर्वांनी मिळून मोजावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम उभे केले तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शैक्षणिक साधने तयार करण्यावर भर दिला होता. विकतचे रंगीत संच, छापील चित्रे आणि पडद्यावरच्या चित्रफिती यांवर वर्गाचा पैसा घालवण्यापूर्वी स्वयंपाकघरातली आणि अंगणातली वस्तू आधी आठवावी. पडदा तर मी या वर्गात अजिबात आणू नये असेच सुचवेन, कारण घरी तो भरपूर असतो आणि हातांना तो काहीच करू देत नाही.

गोष्ट कशी निवडावी

गोष्ट निवडताना एकच कसोटी लावावी: यातले एखादे कृत्य मुलाला आज करून पाहता येईल का? या कसोटीला आपल्या संतचरित्रांतल्या आख्यायिका फार चांगल्या उतरतात. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या लेकराला एकनाथांनी कडेवर उचलून घेतले. काशीहून रामेश्वरला नेण्यासाठी कावडीतून आणलेले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतले. भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी भाकरी त्याला लागेल कशी म्हणून. आणि सर्वांत लाडकी गोष्ट लहानग्या नामदेवाची, ज्याने वडील गावाला गेले असता नैवेद्याचे ताट विठ्ठलापुढे ठेवले आणि देव खरोखर जेवेपर्यंत तेथून हलण्यास नकार दिला.

गाढवाची गोष्ट सांगायची असेल तर तिला कावड लागते. काठीच्या दोन टोकांना दोन लहान गडू बांधावेत, दोन मुलांना ती खांद्यावर घेऊन सभामंडपाची एक फेरी मारू द्यावी, आणि मग गाढव झालेल्या मुलाच्या ओंजळीत पाणी ओतावे. गोष्ट सात मिनिटांत संपते आणि महिनाभर लक्षात राहते. वर्ग सुटल्यावर दारातल्या कुत्र्यासाठी किंवा पाखरांसाठी परळात पाणी ठेवण्याचे काम मुलांवर सोपवले की तिला तात्पर्य जोडण्याची गरज उरत नाही. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न या वयाला विचारू नये. मूल आपल्याला हवे ते उत्तर देते आणि गोष्ट तिथेच संपते. तीच गोष्ट सलग तीन-चार आठवडे सांगावी. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती आपली चूक दाखवतात आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतःच सांगू लागतात.

काही गोष्टी थांबवून ठेवाव्यात. हिरण्यकश्यपूचा वध, श्रावणबाळाचा मृत्यू, गणपतीचे मस्तक छेदले जाणे हे प्रसंग पाच-सहा वर्षांपर्यंत सविस्तर सांगू नयेत. गणपतीच्या गोष्टीत आईबाबांना प्रदक्षिणा घालण्याचा प्रसंग घ्यावा. सोंड कशी आली असे कोणी विचारलेच तर थोडक्यात खरे सांगावे आणि त्यातल्या भयाला रंगवू नये. ‘असे केलेस तर देव शिक्षा करील’ हे वाक्य मात्र वर्गातून कायमचे हद्दपार करावे. तीन वर्षांच्या मुलाला ज्याचे भय घातले त्याच्यापाशी ते आपणहून जात नाही, आणि ते जावे यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

श्लोक आणि गाणे

पाठांतराला माझा विरोध नाही. त्याच्या घाईला आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘शुभं करोति’ या संस्कृत श्लोकापेक्षा त्याला जोडून येणारे ‘दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडल मोतीहार’ हे मराठी चरण आधी घ्यावेत, कारण त्यात कान आहेत, कुंडल आहे, हार आहे, आणि मूल प्रत्येक शब्दाबरोबर त्या त्या जागी हात नेऊ शकते. ‘वदनी कवळ घेता’ वर्गात शिकवून भागत नाही. ते प्रसाद हातात असतानाच म्हणावे. महिन्याला एक श्लोक पुरे. आपण म्हणावे, मुलांनी हवे तर मागून म्हणावे, कोणी नुसते ऐकले तरी चालावे. उच्चार थांबवून दुरुस्त करू नयेत; आपला उच्चार स्वच्छ असेल तर कान हळूहळू जीभ सुधारतो. आरतीत सगळी कडवी येण्याची अपेक्षा नसावी. ‘जय देव जय देव’ आले की टाळ्या वाजवायच्या, एवढा ठेका हाती लागला तरी मूल आरतीत सामील झालेले असते.

पाठांतराच्या स्पर्धा या गटात घेऊ नयेत. पालकांचा आग्रह येतो, मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात व्यासपीठ मोकळे असते, आणि तीन वर्षांचे मूल ध्वनिक्षेपकासमोर रडू लागते. त्याऐवजी मुलांनी केलेल्या वाती, हार आणि उगाळलेले गंध त्या दिवशीच्या पूजेत वापरावे आणि ते मुलांनी केले आहे हे मोठ्याने सांगावे.

शंख, झांजा आणि मोठा ढोल यांचा आवाज काही मुलांना सोसत नाही. ती कान झाकतात, रडतात किंवा दुसऱ्याला ढकलतात. त्यांना दाराजवळ बसवावे, आरती टाळ्यांवर करावी. नमस्कारासाठी कोणाची मान धरून वाकवू नये. पाहत राहिलेले मूल काही आठवड्यांनी आपण होऊन हात जोडते.

मुलांचे प्रश्न

नामदेवाच्या गोष्टीनंतर हमखास प्रश्न येतो: ‘मग आपला देव का जेवत नाही?’ येथे चलाखीचे उत्तर देऊ नये. ‘आपण देवाला प्रेमाने दाखवतो आणि मग सगळ्यांना वाटून खातो’ एवढे पुरते, आणि त्यापुढे ‘तुला काय वाटते?’ असे विचारून शांतपणे ऐकावे. देव कुठे राहतो, देवाला आई आहे का, देव झोपतो का, यांवर घराघरांत वेगळी उत्तरे असतात. वर्गाने एका घराचे उत्तर दुसऱ्यावर लादू नये. घरातले कोणी गेले असेल तर ‘झोपले आहेत’ असे सांगू नये, कारण मग मूल स्वतः झोपायला घाबरते. आजी वारली, तिचे शरीर आता चालत नाही, ती परत येणार नाही, आपल्याला तिची आठवण येते, असे साधे बोलावे आणि घरी काय सांगितले आहे हे पालकांना त्याच दिवशी विचारून घ्यावे.

पूजेच्या ताटातले धोके

हा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलाच पाहिजे, कारण मोठ्यांच्या पूजेत सहज वावरणाऱ्या अनेक वस्तू लहान मुलांसाठी घातक आहेत. कापूर त्यांत पहिला. खडीसाखरेसारखा दिसणारा कापराचा तुकडा मुलाने गिळला तर थोड्याशा प्रमाणातही झटके येऊ शकतात. तो मुलांच्या हाती लागेल असा ठेवूच नये, आणि कोणी गिळल्याचा संशय आला तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता तातडीने रुग्णालय गाठावे. शंकराला वाहिली जाणारी कण्हेर, मग ती तांबडी असो वा पिवळी, हृदयावर परिणाम करणारे विष बाळगते. धोतऱ्याचे फूल आणि फळ विषारी आहे. मारुतीच्या हारातल्या रुईच्या पानांचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. गुंजांच्या बिया चावल्या गेल्या तर प्राणघातक ठरू शकतात. मुलांच्या ताटात दूर्वा, तुळस, बेल, जास्वंद, झेंडू आणि शेवंती एवढेच ठेवावे. बेलाची डहाळी न आणता पाने खुडून आणावीत, कारण काटे असतात.

निरांजन पेटवणे आणि हलवणे हे मोठ्यांचेच काम. ते वाळू भरलेल्या रुंद परातीत ठेवावे, मुलांना अर्धवर्तुळात दोन हात अंतरावर बसवावे आणि आरती देताना ताट त्यांच्यापर्यंत न नेता आपल्या तळहाताची ऊब त्यांच्या डोक्यावर द्यावी. सणाच्या दिवशी परकर-पोलके आणि झब्बे कृत्रिम धाग्याचे असतात. त्या दिवशी अंतर आणखी वाढवावे.

प्रसादात अखंड शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, कडक तिळगूळ आणि हलवा पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये. ते श्वासनलिकेत अडकतात. मऊ शिरा, केळ्याच्या फोडी, कुस्करलेला राजगिरा लाडू, किसलेले खोबरे चालते. पंचामृतात मध असतो आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, तेव्हा कडेवर आलेल्या धाकट्या भावंडाच्या ओठांना कोणी पळी लावणार नाही याकडे लक्ष द्यावे. दूध, दाणे किंवा तीळ यांची कोणाला बाधा होते का, हे नावनोंदणीच्या वेळीच लिहून घ्यावे.

वर्षाची आखणी आणि घर

वर्षभराचे विषय पंचांगच पुरवते. आषाढात डोक्यावर तुळशीची लहान कुंडी आणि हातात पताका घेऊन सभामंडपाभोवती दिंडी निघते. भाद्रपदात शाडूच्या गोळ्याचा गणपती होतो. अश्विनात पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरला जातो आणि खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जय मल्हार होतो, मात्र भंडारा उधळू न देता बोटाने कपाळी लावावा. पौषात बोरन्हाण येते, पण त्यातली बोरे, हरभरे आणि हलवा यांना वरचाच नियम लागू आहे. सर्व सण घेण्याचा हव्यास नको. महिन्यात एक सण नीट झाला तर उरलेले आठवडे पळी, सहाण आणि गोष्ट यांनी भरून निघतात.

अमेरिका-युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांच्या वर्गांना ज्योत पेटवता न येणारी सभागृहे मिळतात. त्यांनी दिव्याचे काम घरी सोपवावे आणि वर्गात पाणी, चंदन, फुले यांवर भर द्यावा. मराठी कमी समजणाऱ्या मुलांना गोष्ट मध्येच थांबवून दुसऱ्या भाषेत सांगू नये. कावड आणि ओंजळ समोर असली की शब्द आपोआप उमगतात.

पालकांना दर आठवड्याला एकच ओळीचा निरोप द्यावा: या आठवड्यात मुलाला तुळशीला पाणी घालू द्या, किंवा वात वळू द्या. श्लोक म्हणून दाखव असा आग्रह पाहुण्यांसमोर धरू नका, हेही सांगावे. मूल सहा-सात वर्षांचे झाले की मोठ्या वर्गात जाते. तेव्हा पुढच्या ताईसाठी अर्ध्या पानाची टीप द्यावी. ते मूल कोणत्या आवाजाला घाबरते, कोणते काम स्वतःहून उचलते, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा मागते आणि प्रसादातले काय त्याला चालत नाही, एवढे त्यात असावे. पाठ असलेल्या श्लोकांची संख्या लिहू नये.